भिंतीकडे तोंड करणाऱ्या ओव्हाळबाई

मने, ये, अशी जवळ बस. तू पुण्यात आहेस हे ठाऊक आहे मला, तरी बस. हे वाचून होईपर्यंत तो फोन पालथा ठेव. रागावले नाही तुझ्यावर, पण दोन शब्द बोलणार आहे. काल सकाळी तुझा निरोप आला, "मावशी, जेवणघराच्या मेलचा पासवर्ड चुकीचा दाखवतंय. तू बदललास का? की चांगुणाबाईंनी काही केलं?" पहिला प्रश्न ठीक आहे. दुसरा बरा नव्हता गं. तोच प्रश्न आठ वर्षांपूर्वी मी विचारला होता, ह्याच चांगुणाला, तोंडावर, चार बायकांच्या देखत. त्या दिवशी मला जिनं जमिनीवर आणलं ती बाई तू पाहिली नाहीस. तू जेवणघराचं काम बघायला लागलीस तोवर तिनं अंथरूण धरलं होतं. म्हणून तिच्याबद्दल आज लिहायला बसले आहे.

पद्मा ओव्हाळ तिचं नाव. सगळे ओव्हाळबाई म्हणत. बेगडेवाडी स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की घर. फाटकावर पत्र्याची पाटी होती, तिच्याच हातानं रंगवलेली: "पद्मा ओव्हाळ. मेलचं काम होईल. पासवर्ड सांगू नये." मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाटी वाचली नाही. आपली सवयच तशी. पडवीत टेबल, टेबलावर जुना संगणक, त्याला घरी विणलेलं लोकरीचं झाकण, मागच्या फळीवर बुद्धाची लहानशी पितळी मूर्ती. मी खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि म्हटलं, लिहून घ्या, पासवर्ड सांगते. तर ही बाई उठली, पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं उदबत्ती लावते आहे. मी आपली सांगायला सुरुवात करणार, तोच ती तशीच पाठमोरी बोलली, "काकू, माझ्या कानांवर उपकार करा. तुमचं गुपित तुम्ही तुमच्या बोटांनी टाका. झालं की खाकरा."

तू शहरातली, तुला ह्यात काय एवढं वाटेल. पण आमच्याकडे पासवर्ड म्हणजे विहिरीवरचा दोर होता, ज्याला लागेल त्यानं घ्यावा. अंगणातून ओरडून सांगायचा. आमच्या जेवणघराचा तर पिठाच्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूनं लिहिलेला होता, म्हणजे विसरायला नको. हे मी ओव्हाळबाईंना मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि एवढंच विचारलं, "डबा कोण कोण उघडतं?" मी म्हटलं, सगळ्याच. त्या म्हणाल्या, "मग एक दिवस त्या सगळ्याच चोर ठरतील." मी हसले होते.

ठेंगण्या होत्या. पिकलेल्या केसांची एक बारीक वेणी, चष्म्याला दोरी, खांद्याला पिन लावलेली सुती साडी आणि बारा महिने पायात मोजे. आंबीच्या एका कारखान्यात कचेरीत तीस वर्षं काढलेली. टाइपरायटरवर लागल्या, संगणकावरून निवृत्त झाल्या. मधलं सगळं जेवणाच्या सुट्टीत शिकल्या, एका हातात डबा, दुसऱ्या हातात शब्दकोश. मला म्हणायच्या, मला कुणी शिकवलं नाही, तुम्हाला मी शिकवणार, म्हणजे तुम्ही माझ्याहून पुढं गेलं पाहिजे. मी काही पुढं गेले नाही. पण त्यांनी सांगितलेलं एकेक वाक्य डोक्यात आहे, कारण त्या माझ्याशी माझ्याच भाषेत बोलायच्या, स्वयंपाकघराच्या.

मेल जातो कसा, हे त्यांनी मला एकदा दाखवलं. काळ्या पडद्यावर त्यांनी स्वतः अक्षरं टाइप केली. म्हणाल्या, "हा बघा मी नमस्कार घातला. आपला मेलचा प्रोग्राम असाच घालतो, तुम्हाला दिसत नाही एवढंच. आता पलीकडचा सर्व्हर काय म्हणतो बघा." पलीकडून ओळी आल्या. त्या बोटानं दाखवत गेल्या. हा सर्व्हर सांगतोय की माझ्याशी बोलायचं तर आधी रस्ता बंदिस्त करून घे, मधल्या कुणाला दिसणार नाही असा. रस्ता बंदिस्त झाला की पुन्हा नमस्कार. मग तो यादी वाचतो, ओळख पटवायला मला हे चालतं, हे चालतं आणि हेही चालतं. आपला प्रोग्राम त्या यादीतलं स्वतःला काय येतं ते बघतो, आणि त्यातलं सगळ्यात पक्कं निवडतो. "आधी विचारायचं, मग बोलायचं," ओव्हाळबाई म्हणाल्या. हे त्यांचं पालुपद होतं. गॅसवाल्याशी बोलतानाही तेच.

यादीतल्या पद्धती काय, तर एक साधी. बंदिस्त रस्त्यानं पासवर्ड जसाच्या तसा पाठवायचा. आणि एक कोड्याची. त्यात सर्व्हर दर वेळी एक नवीन आकडा देतो, आपला प्रोग्राम त्या आकड्यात पासवर्ड मळतो आणि नुसता गोळा पाठवतो. दाणा, म्हणजे खरा पासवर्ड, घरीच राहतो. मी म्हटलं, मग सगळे हेच का नाही करत? त्या हसल्या. "कारण काकू, गोळा बरोबर आहे का हे तपासायला पलीकडच्याकडेही तोच दाणा पाहिजे. आणि हल्ली शहाणे लोक दाणा साठवत नाहीत, चोरी होते. दळून ठेवतात. पिठाचा पुन्हा दाणा होतो का?" मी म्हटलं, नाही बाई. आणि तो विषय तिथंच सोडला, म्हटलं आपल्याला काय करायचंय.

करायचं होतं ते त्या दिवाळीनंतरच्या शनिवारी. आमचं जेवणघर तुला माहीत आहे. तिकोणा पेठेत गडाच्या पायथ्याशी आम्ही सहाजणी, शाळांची शिबिरं आली की त्यांना पिठलं, नाचणीची भाकरी आणि इंद्रायणीचा भात घालतो. त्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या शाळेनं पुढच्या तीन हिवाळ्यांची शिबिरं आमच्याकडे द्यायचं ठरवलं होतं. अट एकच, होकार आणि भरलेला फॉर्म आमच्या जेवणघराच्याच पत्त्यावरून, मेलनं, शनिवारी पाचच्या आत. नाहीतर धरणाच्या बाजूचं रिसॉर्ट तयारच होतं. सहा घरांचा हिवाळा त्या एका पत्रावर होता. मी फॉर्म भरला, आमचं यंत्र, म्हणजे जेवणघराचा लॅपटॉप, उघडलं, पाठवा म्हटलं. पडद्यावर आलं, पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. झाकण बघून एकेक अक्षर टाकलं, तरी तेच.

मने, माणसाचं डोकं फिरतं तेव्हा ते सगळ्यात जवळच्या माणसावर जाऊन आपटतं. चांगुणा समोर परातीत पीठ मळत होती. ठाकरवाडीची चांगुणा, पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबरची. तिची सून त्या रिसॉर्टच्या भटारखान्यात कामाला लागून महिना झाला होता. आणि मी म्हणून गेले, पासवर्ड तू सांगितलास ना सुनेला? तिकडच्यांनी बदलला ना? चौघी भाकऱ्या थापता थापता थांबल्या. चांगुणानं हात धुतले, पदराला पुसले, आणि आवाज न चढवता म्हणाली, "काकू, मला अक्षार कळत न्हाई. त्या झाकनावर काय लिवलंय ते मला ठावं न्हाई. मी काय सांगू आन् कुणाला सांगू?" आणि गेली. परात तशीच राहिली.

मी यंत्र पिशवीत घातलं, कामशेतपर्यंत जीप, तिथून लोकल, आणि अडीचच्या सुमाराला ओव्हाळबाईंच्या पडवीत. सगळं सांगितलं, चांगुणाचंही. त्यांनी चांगुणाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, "टपाल यायचं दार वेगळं, जायचं दार वेगळं. आज सकाळपासून आलेले मेल आहेत का?" मी म्हटलं, आहेत की, शाळेचा आठवण करून देणारा मेल साडेनऊला आलाय. त्या म्हणाल्या, "येणाऱ्या दारालाही तोच पासवर्ड लागतो, काकू. तिथं तो चाललाय. मग बदलला कुणी?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर तर स्पष्ट लिहिलं होतं, चुकीचा म्हणून. ओव्हाळबाई म्हणाल्या, पडदा बोलतो, पण पडद्याला सगळं ठाऊक नसतं. पलीकडून 'ओळख पटली नाही' एवढंच आलं की हा बिचारा 'पासवर्ड चुकला' असं लिहून मोकळा होतो. मग त्यांनी मेल सांभाळणाऱ्या त्या लहानशा कंपनीला फोन लावला. तिथला माणूसही तेच घोकत होता, बाई, पासवर्ड चुकलाय. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघालं की दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सगळं नव्या यंत्रावर हलवलंय, वेबवरचं पान, जिथून एरवी मेल पाठवता येतो, ते अजून बंदच आहे. ओव्हाळबाईंनी माझ्याकडे बघून नुसती भुवई वर केली.

घड्याळात सव्वाचार झाले होते. फोनवरचा माणूस वैतागून म्हणाला, एक करा, सुरक्षेच्या जागी 'काही नाही' निवडा, तसा जातो कधी कधी. मला तर देव भेटल्यासारखं झालं. ओव्हाळबाईंनी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला. म्हणाल्या, उघड्या रस्त्यानं हा पासवर्ड मी जाऊ देणार नाही. मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, आजच्या दिवस जाऊ द्या ना बाई, सहा घरांचं काम आहे. त्या म्हणाल्या, "सहा घरांचं आहे म्हणूनच."

मग काळा पडदा. नमस्कार. रस्ता बंदिस्त. पुन्हा नमस्कार. यादी आली. त्यात कोड्याची पद्धत होती आणि साधीही होती. ओव्हाळबाई यादीकडे बघून स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "जुन्या घराची पाटी नव्या घराला लावलीय ह्यांनी." नव्या यंत्रावर शहाणपणानं पासवर्ड दळून पीठ करून ठेवले होते. पण यादी जुन्याचीच उतरवली. त्यामुळे सर्व्हर म्हणतो, मला कोडं येतं. आपला प्रोग्राम सज्जन, त्यानं खातं उघडलं त्या दिवशीच सगळ्यात पक्कं म्हणून कोडं निवडून ठेवलेलं, तो इमानानं गोळा पाठवतो. पलीकडे दाणाच नाही, तपासणार कशानं? म्हणून नापास. पासवर्ड बरोबर, पाठवणारा बरोबर, आणि नापास. ओव्हाळबाईंनी माझ्या यंत्रावरचं सेटिंग उघडलं, ओळख पटवण्याच्या जागी कोडं काढून साधी पद्धत घातली, बंदिस्त रस्ता तसाच ठेवला, दोनदा तपासला.

आणि मग उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाचला वीस मिनिटं राहिलेली, मी एका बोटानं एकेक अक्षर शोधते आहे, आणि ही बाई पाठमोरी. मी म्हटलं, अहो तुम्हीच टाका पटकन, मी सांगते. तिकडूनच उत्तर आलं, तुमचं चालू द्या, मला घाई नाही. चुकलं, पुन्हा टाकलं. खाकरले. त्या वळल्या. पाठवा दाबलं. पडद्यावर काही नाही, नुसती एक बारीक पट्टी सरकली, आणि पत्र गेलेल्यांच्या कप्प्यात जाऊन बसलं. पाचला बारा मिनिटं कमी. दहा मिनिटांत शाळेची पोचही आली.

मी आनंदानं रडायलाच लागले. मला वाटलं आता चहा होईल. ओव्हाळबाईंनी संगणकावर लोकरीचं झाकण घातलं आणि समोर बसल्या. कारखान्यातली एक गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी सांगितली, आधी कधी सांगितली नव्हती. त्यांचे साहेब केबिनमधून पासवर्ड ओरडून सांगायचे, अगं पद्मा, अमुक अमुक टाक आणि माझे मेल बघ. एके दिवशी साहेबांच्या नावानं एका मोठ्या गिऱ्हाइकाला अपमानाचं पत्र गेलं. पासवर्ड कुणाला माहीत? अख्ख्या हॉलनं ऐकलेला. पण नाव घेतलं ते टायपिस्टचं. दोन महिने त्यांना गोडाऊनात खुर्ची दिली, काम काही नाही. डबा खायलाही कुणी बरोबर बसेना. पुढे खरं काय ते निघालं, दुसऱ्याच कुणाचा उद्योग होता. "टेबल परत मिळालं, काकू. पण जे हॉलमध्ये बोलले होते, त्यांतलं कुणी हॉलमध्ये येऊन 'आमचं चुकलं' असं म्हणालं नाही. ते शब्द तिथंच राहिले. अजून आहेत." मग उठल्या. "चहा पुढच्या वेळी. आज आधी घरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाकरवाडीत गेले. नवी साडी घेऊन, पोरांना खाऊ घेऊन. चांगुणा ओट्यावर बसली होती. बस म्हणाली, पाणी दिलं, साडीला हात लावला नाही. मी आपली बोलते आहे, चुकलं माझं, डोकं फिरलं होतं. ती ऐकते आहे आणि गडाकडे बघते आहे. मला ओव्हाळबाईंचं पालुपद आठवलं. मी बोलायची थांबले आणि विचारलं, चांगुणा, तुझ्या मनातून हे कशानं जाईल, तूच सांग. ती लगेच म्हणाली, जसं काही वाटच बघत होती, "चौघींम्होरं बोललीस. चौघींम्होरं माघारी घे."

घेतलं. सोमवारी, चुलीपुढं, चौघींच्या देखत. सोपं नव्हतं, मने, मी त्या जेवणघराची मालकीणच समजत होते स्वतःला. बोलून झाल्यावर चांगुणानं परात पुढं ओढली आणि म्हणाली, "आन् त्या झाकनावर काय लिवलंय ते मला वाचून दाव. ज्याच्यापायी चोर झाले ते दिसूं तरी दे."

हे ओव्हाळबाईंना कळलं तेव्हा त्या एका रविवारी स्वतः तिकोणा पेठेत आल्या, मोजे घालून, पाटी-पेन्सिल घेऊन. पहिलं काम, झाकण राखेनं घासून लखलखीत केलं. दुसरं काम, नवा लांब पासवर्ड, अर्धा मी ठरवायचा, अर्धा चांगुणानं, एकीचा दुसरीला ठाऊक नाही. चांगुणा म्हणाली, मला लिवता कुटं येतंय? "म्हणूनच पाटी आणलीय," ओव्हाळबाई म्हणाल्या. पुढे वर्षभर त्या दर दुसऱ्या रविवारी येत राहिल्या. चांगुणा त्यांना बाई म्हणायची आणि त्या चांगुणाला बाई म्हणायच्या, ऐकताना मजा वाटायची. लय कडक हाय वो बाई तुमी, असं चांगुणा करवादायची, आणि पुढचं अक्षर गिरवायची. तिचा अर्धा पासवर्ड तिनं स्वतः टाकला त्या दिवशी मी आणि ओव्हाळबाई, दोघीही भिंतीकडे तोंड करून उभ्या होतो. किती वेळ लागला म्हणून सांगू. पण ओव्हाळबाई हलल्या नाहीत.

गेल्या माघात त्या गेल्या. छातीत दुखलं, तळेगावच्या दवाखान्यात नेलं, तिथंच. आम्ही सहाही जणी बेगडेवाडीला गेलो. पडवीत टेबल होतं, लोकरीचं झाकण तसंच होतं. बुद्धवंदना चालू होती, माणसं शांत उभी होती. चांगुणा माझ्या मागे दिसेना म्हणून मी वळून पाहिलं, तर ती फाटकाशीच थांबलेली. पाटीवर बोट ठेवून, हळूहळू, ओठांत वाचत होती. "पद्मा ओव्हाळ. मेलचं काम होईल." पुढची ओळ तिनं वाचली आणि पदर तोंडाला लावला.

तर मने, आता तुझं. काल संध्याकाळी तूच मला शाळेच्या नव्या मेलचा फोटो फोनवर पाठवलास, म्हणजे यायचं दार उघडं आहे. मग पासवर्ड बदलला कुणी? कुणीच नाही. गेल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं होतं, मी वाचलं, तू न वाचता 'ठीक आहे' दाबलं असशील, ओळखते मी तुला. त्यांच्या जायच्या दाराच्या यादीतून आता साधी पद्धत गेली. प्रोग्रामच्या हातून पासवर्ड घेणार नाहीत. त्यांच्याच पानावर एकदा आपण पासवर्ड टाकायचा, मग ते तुझ्या प्रोग्रामला परवानगीची चिठ्ठी देतील, आणि पुढे ती चिठ्ठीच दाखवायची. ओव्हाळबाई हे मागेच बोलल्या होत्या, काकू, एक दिवस पासवर्ड मागणंच बंद करतील, तेव्हा घाबरू नका, यादी बघा.

फोनवर विचारू नकोस, अर्धा मी सांगणार नाही आणि उरलेला मला माहीत नाही. तुझं यंत्र घेऊन ये. येत्या रविवारीच ये, नवा तांदूळ आलाय. आल्यावर आधी चुलीपाशी जा, चांगुणाशी बोल. तुझा निरोप मी तिला दाखवला नाही. पण फोन चुलीपाशी राहिला होता आणि आता तिला वाचता येतं. मग जेव, मग यंत्र उघड. मी माझी अक्षरं टाकीन, चांगुणा तिची टाकील, आणि तोवर तू भिंतीकडे तोंड करून उभी राहा.